चौदावा पहारेकरी

सोहार बंदरामागे, अॅल्युमिनियमच्या वखारीवर
माझी ड्यूटी रात्री दहा ते सकाळी सहा.
दिवसा झोपायचं असतं. झोपतोही.
पण चारच्या सुमारास एसीचं पाणी बादलीत टपटपायला लागतं,
मग बिजू कामावरून येईपर्यंत
माझ्याकडे दीड तास असतो आणि एक टीव्ही,
उजव्या कोपऱ्यात कायमचा हिरवा डाग असलेला.

यंत्र मनबहादुरचं. पोखऱ्याला परत जाताना
वीस रियालला देऊन गेला.
एकच कंट्रोलर, त्याची डावी काडी सैल:
सोडली तरी आपला माणूस
डावीकडे सरकतच राहतो.

खेळ चोरपावलांचा आहे.
भिंतीला पाठ लावायची, दिवा फुंकायचा,
पहारेकरी वळला की मागून निसटायचं.
ते मला जमतं. का नाही जमणार?
पहारेकरी कुठे कंटाळतो ते मला विचारा.
किती पावलांवर वळतो,
कोणत्या खांबाशी उगाच बूट घासत थांबतो,
कोणता आवाज ऐकूनही
मांजर असेल म्हणून सोडून देतो.
अख्खा किल्ला मी असा पार केला,
एकाचीही झोपमोड न करता.

पण शेवटच्या दाराआधी एक आव्हान आहे.
गोल अंगण. सगळी दारं बंद. मशाली.
लपायला साधा रांजणसुद्धा नाही.
तीन तुकड्यांत चौदा जण,
आणि मी सगळ्यांना दिसतोय.

बावीस दिवस मेलो.

पहिले पाच भालेवाले, त्यांचं काही नाही.
पुढचे आठ ढाली घेऊन येतात,
पंगतीतल्या वाढप्यांसारखे, एकामागून एक,
नको म्हणायला उसंत न देता.
मी घाबरून सगळी बटणं एकदम दाबतो
आणि काडी मला ओढत नेते डावीकडे.
वरच्या बंकवरून शाहीन एक डोळा उघडतो,
"दादा, फिर मर गया?"
आणि कूस बदलतो.

तेविसाव्या दिवशी काडीशी भांडणं सोडलं.
जायचंय ना डावीकडे? चल.
तेव्हा दिसलं, ढाल त्यांच्या डाव्या हातात,
माझं डावं म्हणजे त्यांचं उजवं,
उघडी बरगडी.
गोल गोल फिरत राहिलो, घाण्याच्या बैलासारखा,
एकेक ढाल उताणी पडत गेली.

मग चौदावा.
उंच, एका हातात कंदील, दुसऱ्यात साखळी.
तो धावून येत नाही. उभा राहतो.
मीही उभा राहिलो.
बादलीत टप. टप.
आठ तास उभं राहिलेला माणूस
कधीतरी भार बदलतोच,
उजव्या बुटातून डाव्या बुटात,
आणि त्या क्षणी तो कुठेच नसतो.
मला माहीत आहे. मी रोज रात्री साडेतीनला
असा कुठेच नसतो.
तीन वेळा त्याने भार बदलला. तीन वेळा मारलं.
पडताना त्याने आधी कंदील नीट खाली ठेवला,
किंवा मला तसं वाटलं.

वेळ अकरा मिनिटं चाळीस सेकंद. पदक कांस्य.
शाहीन घोरत होता.
फोटो काढून श्रीरंगला पाठवला, मुरगूडला.
लगेच उत्तर आलं: "बाबा, सोप्यावर खेळलात ना?"
"मध्यम," मी लिहिलं.
बराच वेळ काही आलं नाही. मग एक अंगठा.

रात्री गणवेश चढवला, कॉलर अजून ओलसर.
समुद्राकडून वाफ येत होती,
कंटेनरवर बोट फिरवलं तर रेघ उठत होती.
चारशे बारा पावलं, दर तासाला,
सहा वर्षं घड्याळाच्या काट्याबरोबर.
आज गेटपाशी जरा थांबलो
आणि डावीकडे वळलो.

सहाव्या खांबामागे मांजर बसलं होतं.
खरोखरचं मांजर.
इतकी वर्षं मी नुसतंच म्हणत होतो.
पंजा चाटता चाटता थबकलं,
माझ्याकडे बघत राहिलं:
हा आज इकडून कसा?